दुसऱ्या तासाची पोटदुखी

चऱ्होलीतल्या शाळेत नवी नर्स रुजू होते, तेव्हा पहिल्या दिवशी तिला एका खोलीची किल्ली मिळते. दारावर ‘मेडिकल रूम’ अशी पाटी असते आणि आत हार्मोनियम असते. हार्मोनियमच्या शेजारी मागच्या स्नेहसंमेलनातल्या मावळ्यांच्या पुठ्ठ्याच्या ढाली, दोन कॅरम बोर्ड, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि हवा गेलेले सात फुटबॉल. या सगळ्याच्या खाली एक लोखंडी खाट असते. ती दिसायला साधारण बुधवार उजाडतो.

‘‘हे सगळं कुठं ठेवायचं, मामा?’’ ती शिपाईमामांना विचारते.

‘‘तेच तर ना मॅडम. जागा नव्हती म्हणून तर इथं ठेवलं,’’ मामा म्हणतात आणि विषय संपला असं समजून चहा आणायला जातात.

चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. वाघेश्वराचं देऊळ, जवळून वाहणारी इंद्रायणी, नदीपलीकडे खेड तालुक्यातली चऱ्होली खुर्द आणि हाकेच्या अंतरावर आळंदी. गेल्या काही वर्षांत इथल्या शेतांच्या बांधांवर बारा-बारा मजले उभे राहिले. त्यांत राहायला भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली आणि तळवड्याच्या आयटी पार्कातली माणसं आली. लातूरची, जळगावची, बुलढाण्याची, थेट गोरखपूरचीही. माणसांपाठोपाठ मुलं आली, मुलांपाठोपाठ शाळा आल्या. अशा शाळेचं माहितीपत्रक उघडलं की स्विमिंग पूल, रोबोटिक्स लॅब, सीसीटीव्ही आणि ‘पूर्णवेळ प्रशिक्षित नर्स’ या क्रमानं सुविधा मांडलेल्या असतात. सीसीटीव्हीच्या खालोखाल नर्स. फरक एवढाच की सीसीटीव्हीनं काय करायचं, हे बसवणाऱ्यानं सांगितलेलं असतं.

नर्सला जे शिकवलेलं असतं ते वॉर्डाचं. जीएनएमची तीन वर्षं, मग एखाद्या हॉस्पिटलातल्या नाइट ड्यूट्या. वॉर्डातला पेशंट आडवा असतो, त्याची फाइल खाटेला अडकवलेली असते, गोळी कोणती आणि किती वाजता हे डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. शिवाय बाजूला दुसरी सिस्टर असते, जिला ‘जरा बघ गं’ म्हणता येतं. शाळेतला पेशंट धावत येतो. डॉक्टर नाही, फाइल नाही. आणि तो कधीही एकटा येत नाही. त्याच्याबरोबर एक वकील येतो.

‘‘मॅम, ह्याच्या ना, पोटात दुखतंय.’’

‘‘कुठं दुखतंय रे तुला?’’

‘‘इथं दुखतंय ह्याला,’’ वकील स्वतःच्या पोटावर हात ठेवून सांगतो. पेशंट नुसती मान हलवतो.

दहा मिनिटं पडून, घोटभर पाणी पिऊन पेशंट बरा होतो, बुटाची नाडी बांधून निघतोही. वकिलाचा पाय मात्र निघत नाही. त्याचं गणित वरच्या मजल्यावर चालू असतं. तेव्हा पहिल्या आठवड्यात सिस्टर शिकते ते हेच, की वकिलाला दारातूनच वर्गात परत धाडायचं. पेशंटला मग आपोआप वाचा फुटते. (चक्कर येणाऱ्या पोराला सोबत हवीच. तिथं वकिलाला माफी.)

शाळेतल्या पोटदुखीला वेळापत्रक असतं. ती दुसऱ्या तासाला सुरू होते, मधल्या सुट्टीत साफ ओसरते आणि चाचणीच्या आठवड्यात पहिल्याच तासाला उगवते. पीटीच्या तासाला ती नाहीशी होते. पीटीचे सर रजेवर गेले आणि तो तास व्याकरणाला मिळाला, तर परत येते. यावर हसण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. जॉन अ‍ॅपली नावाचे ब्रिस्टलचे एक बालरोगतज्ज्ञ होते. १९५८ मध्ये त्यांनी आणि नोरा नेश यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दर दहांतल्या एकाला पुन्हा पुन्हा पोटदुखी होत होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात शोधूनही काही सापडत नव्हतं. अ‍ॅपलींच्या नावानं एक आडाखा आजही चालतो: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका पोटाच्या खऱ्या आजाराचा संशय अधिक. म्हणून मुलाला ‘एका बोटानं दाखव’ म्हणायचं. बोट बेंबीवर पडलं की सिस्टरचा जीव भांड्यात पडतो. बोट उजवीकडे खाली सरकलं आणि ‘एक उडी मार बघू’ म्हटल्यावर पोर कळवळलं, तर मात्र लगेच फोन उचलायचा.

बेंबीवर बोट ठेवणारं प्रत्येक पोर सोंग करतं असंही नाही. दुखतं खरंच, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. किंवा पोटात काही नसणं हेच मूळ असतं. ‘सकाळी काय खाल्लंस?’ या प्रश्नाला चऱ्होलीत ‘बस लवकर येते’ असं उत्तर मिळतं. आणखी एक कारण कुणी तोंडानं सांगत नाही: सकाळपासून शाळेच्या टॉयलेटला जायचं टाळलेलं असतं. त्यावरचं औषध केमिस्टकडे नसतं. म्हणून नव्या सिस्टरचा शाळेच्या कार्यालयाकडे जाणारा पहिला लेखी अर्ज स्टेथोस्कोपसाठी नसतो, मुलींच्या टॉयलेटच्या दाराला आतून लागणाऱ्या कडीसाठी असतो.

या सगळ्या काळात खोलीच्या दारात एक व्यक्ती हाताची घडी घालून उभी असते. या मावशी. बालवाडीची पोरं सांभाळत, त्यांच्या चड्ड्या बदलत त्यांनी इथं बारा-पंधरा वर्षं काढलेली असतात आणि सिस्टर येईपर्यंत शाळेचं आरोग्यखातं त्यांच्याचकडे होतं. त्यांचं औषधशास्त्र तीन कलमी: ओवा, कोमट पाणी आणि ‘जा, तोंड धुऊन ये’. निम्मी शाळा यावर बरी होते, हे सिस्टरनं मान्य केलेलं बरं. निदानात तर मावशींचा हात धरणारं कुणी नाही. ‘‘त्याला काही झालं नाही ओ सिस्टर. त्याची आई गावाला गेलीय.’’ वॉर्डात यालाच हिस्ट्री घेणं म्हणतात आणि त्यासाठी परीक्षेत गुण असतात.

खटका उडतो तो घोळणा फुटल्यावर. पाचवीतल्या पोराच्या नाकातून रक्त आलं की मावशी त्याची मान मागं करतात आणि फोडलेला कांदा नाकाशी धरतात. सिस्टर मान पुढं झुकवायला लावते, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरते आणि घड्याळ बघत दहा मिनिटं तशीच बसते. मान मागं केली की रक्त घशात उतरतं आणि मग उलटी होते. दहा मिनिटं हा फार मोठा काळ आहे. तेवढ्यात दारात अख्खा वर्ग जमतो, वर्गशिक्षिका दोनदा डोकावतात आणि मावशी कांदा हातात घेऊन वाट बघतात. रक्त थांबतं. मावशी एकदा पोराकडे, एकदा कांद्याकडे बघतात. ‘‘आमच्या टायमाला कांदाच होता,’’ म्हणतात. तो कांदा दुपारी भेळेत जातो.

मैदानावर आठवीतल्या मुलाचा पुढचा दात अख्खा निखळला, तेव्हाचा गोंधळ याच्या पुढचा. पीटीच्या सरांनी दात कागदात गुंडाळून आणलेला. सिस्टर ओरडली, ‘‘मावशी, दूध आणा, पटकन!’’ मावशींना वाटलं, सिस्टरना टेन्शन आलं, चहा टाकायचाय. त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलंसुद्धा. कायमचा दात निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाशी घासायचा नाही, थंड दुधात बुडवायचा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं. तो परत बसण्याची आशा असते. ही माहिती शाळेत कुणालाही नसते. मावशींना त्या दिवसापासून आहे आणि आता त्या ती सिस्टरपेक्षा जास्त अधिकारवाणीनं सांगतात.

कपाट लावायला निवांत दुपार मिळते ती पालखीच्या दिवसांत. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते ती चऱ्होलीवरूनच, वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांपाशी थांबून. रस्ते वारकऱ्यांचे होतात, शाळेच्या बसना वाट उरत नाही, मुलांना लवकर घरी सोडतात. त्या शांततेत सिस्टर कपाट उघडते.

‘प्रथमोपचाराचं सगळं आहे आमच्याकडे’ असं मुलाखतीत सांगितलेलं असतं. सगळं असतंच. दुखऱ्या पायावर मारायच्या स्प्रेचे अर्धवट संपलेले अकरा डबे. डेटॉलचा पाच लिटरचा कॅन. पिवळा पडलेला कापूस. सुरुवातीला पांढरं असावं असं बँडेज. २०२१ मध्ये मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, त्यातलं दोन चमचे कुणीतरी २०२३ मध्ये घेतलेलं असावं असा संशय. कुणाचा तरी चष्मा. कागदाच्या पुडीत एक दुधाचा दात, पुडीवर ‘३ री ब’. आणि करोनाकाळात घेतलेली ती तापमानाची बंदूक. ही बंदूक प्रत्येकाला ९६.४ दाखवते. मुलाला, मामांना, आणि रोखली तर भिंतीलाही.

संध्याकाळपर्यंत निम्मं कपाट कचऱ्यात जातं. उरतं ते साधं: सलाइनच्या बाटल्या, गॉझ, रोलर बँडेज, हात गळ्यात अडकवायची त्रिकोणी पट्टी, बेटाडिन, हातमोजे, चांगला डिजिटल थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, ग्लुकोज, बर्फाची पिशवी. बर्फ कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये मटाराच्या पिशवीखाली ठेवावा लागतो आणि तो कुणी सरबतात घालू नये म्हणून त्यावर चिठ्ठी लावावी लागते. ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात घालायची असते. चिमूट ग्लासात आणि उरलेली पुडी दप्तरात, हा शाळेतला रिवाज सिस्टर बंद करते. खाटेपाशी बादली. ती डाव्या बाजूला की उजव्या, हे पहिल्या उलटीनंतर कायमचं ठरतं.

गोळ्यांचा कप्पा वेगळा, कुलपाचा. इथं सिस्टरला शाळेशी वाद घालावा लागतो. नर्सनं आपल्या मनानं औषध द्यायचं नसतं. त्याला डॉक्टरांचा लेखी आदेश आणि पालकांची परवानगी लागते. पण शिक्षकांच्या लेखी शाळेत नर्स ठेवण्याचा अर्थच मुळी ‘हिला जरा अर्धी गोळी द्या’ असा असतो. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. सतरा किलोची पहिलीतली पोरगी आणि पंचेचाळीस किलोचा सातवीतला पैलवान या दोघांनाही अर्धीच गोळी, हा न्याय समतेच्या दृष्टीनं उत्तम असला तरी औषधाच्या दृष्टीनं निरुपयोगी आहे. तेव्हा आधी वजनकाटा येतो. वजनकाटा आला की त्यावर सर्वांत आधी स्टाफरूम उभी राहते.

शाळेत नर्स असावी ही कल्पना कुठून आली, हे विचारायचं तर न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर शाळांत येत, खरूज-नायटा, उवा, डोळ्यांचा खुपऱ्यांचा आजार असलेली मुलं हुडकत आणि घरी पाठवत. घरी गेल्यावर त्यांचं पुढं काय, हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं. पोरं औषधाविना गल्लीत खेळत बसत, आणि शाळा सुटली की उरलेली पोरंही त्यांच्यातच येत. ऑक्टोबर १९०२ मध्ये तिथं घरोघरी जाणाऱ्या नर्सची संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी लीना रॉजर्स ही आपली नर्स एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांना दिली. रॉजर्सबाईंनी जखमा बांधल्या, मुलांना वर्गात परत बसवलं आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन आयांना उपचार दाखवले. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा होता १०,५६७. पुढच्या सप्टेंबरात तो १,१०१ वर आला. औषधं तीच होती. ‘पुढं काय झालं?’ असं विचारणारं माणूस तेवढं नवीन होतं.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. देशातली ती पहिली मानतात. सक्तीनं शाळेत आणलेलं पोर निदान धड आहे का ते बघावं, हा मालेगावकडच्या शेतकऱ्याच्या घरातून गादीवर आलेल्या राजाचा व्यवहारी विचार. अलीकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्याच पालघरमधून. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं. खासगी शाळेतल्या सिस्टरकडे पथक नसतं. तिच्याकडे मावशी असतात.

आणि वही असते. नवी सिस्टर पहिल्या दिवशी तारीख, वेळ, नाव, वर्ग, तक्रार, काय केलं, कुणाला कळवलं असे सात रकाने आखते, तेव्हा स्टाफरूमला ती थोडी आगाऊ वाटते. ‘‘एवढं काय लिहायचं त्यात? खरचटलंय फक्त.’’ महिन्याभरानं ती वही चाळते. पाचवी ‘क’ची डोकेदुखी पाच जणांची, पाचही जण शेवटच्या दोन बाकांवरचे. मग भिंतीवर दृष्टी तपासायचा तक्ता लागतो. त्याला सहा मीटर अंतर हवं आणि खोली दहा फुटांची, म्हणून तपासणी व्हरांड्यात. रांगेत उभी राहिलेली पोरं पुढच्याचं ऐकून तक्ता पाठ करतात. सातवा मुलगा तक्त्याकडे न बघताच, पाढे म्हणावेत तसा, शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवतो. दुसऱ्या दिवशी सिस्टर मुलं एकेकटी बोलावते आणि अक्षरं उलटीकडून विचारते. पाचांतल्या तिघांना चष्मा लागतो. चौथ्याला उंच मुलाच्या मागून उठवून पुढं बसवलं की बरं वाटतं. पाचवा वकील निघतो.

वही जे सांगते ते छापील फॉर्म सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या आरोग्यपत्रकानुसार चऱ्होलीतली मुलं जगातली सर्वांत निरोगी मुलं आहेत. दमा: नाही. अ‍ॅलर्जी: नाही. फिट्स: नाही. औषध चालू: नाही. चार आठवड्यांनी एक आई फोन करते, ‘‘तिला दाणे चालत नाहीत ना, अंगावर गांधी उठतात, मी सांगितलं होतं बसच्या काकांना.’’ बसच्या काकांना शाळेतलं बरंच काही माहीत असतं, फक्त तो फॉर्म त्यांच्याकडे भरायला देत नाहीत.

यातला एक रकाना हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीला फेफरं येतं हे घरचे लपवतात, कारण ‘उद्या लग्नाचं बघायचंय’. मुलगी असते सात वर्षांची. मग एके दिवशी प्रार्थनेला ती कोसळते आणि चहूबाजूंनी चपला पुढं येतात. कुणी चप्पल हुंगवायला धावतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबतं, कुणी दातांत चमचा घालायला बघतं. सिस्टरला त्या क्षणी करायचं असतं ते फार थोडं: आजूबाजूचं सामान सरकवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं, एका कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालू द्यायचं नाही आणि घड्याळ बघायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं झाली तर १०८. खरं कौशल्य लागतं ते पन्नास मदतनिसांना थांबवायला. त्या दिवशी मावशी पहिल्यांदा सिस्टरच्या बाजूनं उभ्या राहिल्या. ‘‘सरका मागं! चपला घाला पायात!’’ त्यांच्या आवाजापुढं प्रार्थनेचा माइक फिका पडला.

आता फोन. पोराला ताप आला की घरी कळवायचं, यात अवघड काय? अवघड हे की चऱ्होलीतले पप्पा फर्स्ट शिफ्टला असतात. कितीतरी कारखान्यांत मोबाइल लाइनवर न्यायची परवानगी नसते. फोन लॉकरमध्ये वाजतो आणि पप्पा मशीनपाशी असतात. आई भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला, किंवा हिंजवडीच्या मीटिंगमध्ये, किंवा अशा बसमध्ये जिथं फोन पर्समध्ये आणि पर्स दुसऱ्या हातात असते. फॉर्मवर दोन नंबर असतात आणि दोन्ही ‘उचलत नाहीत’. शिवाय शिफ्ट दर आठवड्याला फिरते. गेल्या सोमवारी अकरा वाजता लगेच आलेले पप्पा या सोमवारी त्याच वेळी कन्व्हेअरवर असतात. तिसऱ्या महिन्यात सिस्टरच्या वहीत आठवा रकाना उगवतो: ‘पप्पांची शिफ्ट’. जगातल्या कुठल्याही नर्सिंगच्या पुस्तकात हा रकाना नसेल. चऱ्होलीत त्याशिवाय पान हलत नाही.

यातूनच तापाचं कोडंही सुटतं. पोर आठला शाळेत येतं तेव्हा टवटवीत असतं, अकराच्या सुमाराला लाल होतं, थर्मामीटर १०२ दाखवतो. सकाळी काय दिलं होतं? ‘‘मम्मीनं गुलाबी औषध दिलं आणि सांगितलं, कुणाला सांगू नको.’’ सिरपचा जोर चार ते सहा तास. रजा मिळाली नाही, आजी गावी, क्लाससाठी पैसे भरलेले; त्या आईला दोष द्यायला सोपं आहे. पण गुलाबी औषध उतरतं तेव्हा शेजारच्या बाकावरचं पोर शिंकायला लागलेलं असतं.

साथीच्या बाबतीत या भागाला तसा अनुभव आहे. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली. शाळकरी मुलांनाच तिचा जास्त फटका बसला आणि नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेपर्यंत गेले. चऱ्होलीच्या शाळांत त्यानंतर डोळा चोळणाऱ्या प्रत्येक पोराकडे चोरट्याकडे बघावं तसं बघायला लागले. एका वर्गशिक्षिकेनं गॉगल लावून भूगोल शिकवला. नुसतं बघून साथ लागत नाही, हात, रुमाल आणि टॉवेल यांतून लागते, हे सिस्टरनं चार वेळा सांगितलं. तरी पोरं जमिनीकडे बघत चालत राहिली आणि त्या आठवड्यात वहीत आपटलेल्या कपाळांची नोंद वाढली.

उवांचं प्रकरण याहून नाजूक. ‘आपल्या पाल्याच्या केसांची काळजी घ्यावी’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घरी गेली तरी दुसऱ्या दिवशी आजी स्वतः हजर होते. ‘‘आमच्या घरात कधीच नव्हत्या हो. इथूनच आल्या.’’ शाळेतल्या प्रत्येक ऊ-लिखेचा उगम दुसऱ्याच्या घरात असतो. सिस्टर कुणाचंही नाव न घेता बारीक दातांच्या फणीचं प्रात्यक्षिक दाखवते; आजी ते लक्ष देऊन बघते आणि जाता जाता, कुणी बघत नाही असं पाहून, डोकं खाजवते.

जंताच्या गोळीचा दिवस वर्षातून दोनदा येतो, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. गोळी चावून खायची असते आणि ती शिक्षकांसमोर खायची असते, कारण कुंडीत सापडलेल्या गोळ्यांनी शाळेच्या जास्वंदीचे जंत केव्हाच गेलेले आहेत. त्या दिवसानंतर आठवडाभर शाळेत जे जे होतं ते गोळीमुळं होतं. पडल्यानं फुटलेला गुडघासुद्धा.

सातवी-आठवीच्या मुली वकील घेऊन येतात तेव्हा मात्र सिस्टर वकिलाला परत पाठवत नाही. त्या दोघी दारात कुजबुजतात, ‘‘मॅम, हिला अडचण आलीय.’’ इथं हॉट वॉटर बॅग, पॅड आणि बंद दार लागतं. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचं नाही, हा सिस्टरचा एकमेव हट्ट. कुठल्या कप्प्यात आहेत ते सगळ्यांना माहीत, हवं तिनं येऊन घ्यावं. मावशींना हे आधी पटलं नव्हतं. आता कप्पा रिकामा होत आला की त्याच आधी सांगतात.

मधली सुट्टी संपली की पोरांची वर्दळ ओसरते आणि मोठ्यांची ओपीडी सुरू होते. ‘‘सिस्टर, जरा बीपी बघता का? उगीच. काही होत नाहीये.’’ गणिताच्या सरांचं १६०/१०० भरतं आणि मुलांच्या दुसऱ्या तासाच्या पोटदुखीवर नवा प्रकाश पडतो. बसचे काका गुडघा दाखवतात. कार्यालयातल्या ताई शुगरची गोळी घरी विसरलेल्या असतात. शेवटी मावशी येतात, खुर्चीत बसतात, बाही वर करतात आणि म्हणतात, ‘‘बघा बाई तुमच्या मशीनमध्ये काय येतंय ते.’’ त्याच खुर्चीत बसून त्या दुसरी ‘अ’मधली नवी भानगडही सांगतात. सिस्टर ती ‘काय केलं’च्या रकान्यात लिहीत नाही, पण लक्षात ठेवते.

हार्मोनियम अजून त्याच खोलीत आहे. उलटी झालेल्या पोराला खाटेवर पडल्या पडल्या ती हळू वाजवू दिली की त्याला बरं वाटतं, असं आढळून आल्यामुळं सिस्टरनं ती हलवायचा अर्ज मागं घेतला.

तर पालकांनो, या जूनमध्ये शाळेचा आरोग्याचा फॉर्म हातात येईल तेव्हा दमा, फिट आणि दाण्यांची अ‍ॅलर्जी खरी असेल ती लिहा. तो कागद स्थळ बघायला येणाऱ्यांना दाखवत नाहीत. आणि दोन मोबाइल नंबरांच्या खाली जागा असेल किंवा नसेल, तिसरा नंबर लिहा. आजीचा चालेल, शेजारच्या काकूंचा चालेल, सोसायटीच्या वॉचमनचाही चालेल. फक्त फोन सायलेंटवर नाही ना, तेवढं बघून द्या.